पहिला पावसाळा नुसता बघण्यात जाऊ दे

सातारा,
2 जून

चि. ऋतुजास,


तुझं पत्र पोचलं. पुण्याला गेल्या गेल्या टेकडीवर देशी झाडं लावणाऱ्या गटात तू नाव घातलंस, हे वाचून फार बरं वाटलं. पण पत्रात थोडी कुरकुरही आहे. रविवारी पहाटे उठून जायचं, आणि रोप लावायला मिळायच्या ऐवजी गाजरगवत उपटायचं, जुन्या झाडांची आळी करायची, पाण्याचे कॅन वर चढवायचे. 'यात मी शिकतेय काय?' असं तू विचारलंयस. मला विचारशील तर ज्या गटात पहिल्याच दिवशी हातात रोप देऊन फोटो काढतात, तिथे शिकण्यासारखं फार नसतं. तू योग्य माणसांत पडली आहेस. सोडू नकोस.

आणि आत्या म्हणून एक आग्रह धरते. हा पहिला पावसाळा नुसता बघण्यात जाऊ दे. सांगतील ते काम मन लावून कर, पण 'इथे मोकळं आहे, इथे झाड लावूया' असं वर्षभर तोंडातून काढू नकोस.

मे महिन्यात टेकडी उघडीबोडकी दिसते. मुरूम, वाळलेली कुसळी, एखादी बोरीची जाळी. बघणाऱ्याला वाटतं, इथे काहीच नाही. पण त्याच मुरमात वीतभर खाली कंद निजलेले असतात. मुसळीचे, रानहळदीचे, आमरीचे, कंदीलपुष्पाचे. पाऊस पडला की आधी मुसळीची पांढरी फुलं वर येतात, मग रानहळद, श्रावण-भाद्रपदात बाकीची मंडळी, आणि दिवाळीपर्यंत बहुतेक सगळी पुन्हा जमिनीखाली. ज्याने श्रावणात ती जागा पाहिलेली नाही, त्याची पहार मे महिन्यात नेमकी त्या कंदांवर पडते. झाड लावल्याचं पुण्य मिळालं असं समजून तो घरी जातो, आणि काय मेलं हे त्याला कधी कळतच नाही.

कंदीलपुष्प तुला भेटलं तर गुडघ्यावर बसून बघ. फूल जेमतेम बोटभर, खाली फुगीर, वर नळी, आणि नळीच्या तोंडावर पाकळ्यांची टोकं एकमेकांना जुळून झालेला कंदिलाचा आकार. वासाने बारीक माशा आत शिरतात. नळीच्या आतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे माशीला आत जाता येतं, बाहेर पडता येत नाही. परागीभवनाचं काम झालं की केस सुकतात, फूल मान टाकतं आणि माशी पराग घेऊन सुटते. याच्या कित्येक जाती फक्त आपल्या सह्याद्रीत आहेत, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. तुमच्या टेकडीच्या एका कोपऱ्यात एखादी जात उरली असेल, तर तो कोपरा न खणणं हे शंभर रोपं लावण्याहून मोठं काम आहे. हे मी अगदी जबाबदारीने लिहिते आहे.

गवताळ उतारांचंही तसंच. तो काही पडीक प्लॉट नव्हे. चंडोल आणि तितर तिथे जमिनीवर अंडी घालतात; दाट झाडी झाली की ते निघून जातात. माती उथळ आहे, खाली काळा पाषाण आहे, तिथे निसर्गानेच गवत ठेवलंय. झाडाची जागा घळीत, ओहोळाच्या काठाला, जिथे माती साठते तिथे. हे कुणी नकाशावर दाखवून कळत नाही, पावसात पाणी कुठून वाहतं ते छत्री घेऊन बघावं लागतं.

तू ग्लिरिसिडियावर रागावून लिहिलंयस. राग समजू शकते. पुण्याच्या टेकड्यांवर तो मुद्दाम लावला गेला, कारण लवकर वाढतो, मुरमात तग धरतो आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. टेकड्या हिरव्या दिसू लागल्या खऱ्या. पण तो मूळचा मध्य अमेरिकेचा. पळस, पांगारा, सालई, मेडशिंगी, धावडा यांच्यावर जगणाऱ्या पाखरा-किड्यांचं त्याच्यावर भागत नाही. तरी सरसकट तोडा म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. एकतर नुसता तोडला की बुंध्यापासून दुप्पट जोमाने फुटतो. दुसरं म्हणजे उतार एकदम उघडा पडला तर एका पावसाळ्यात माती वाहून जाते. थोडा तुकडा मोकळा करायचा, तिथे देशी रोपं जगवायची, ती सावली धरू लागली की पुढचा तुकडा. आणि जागा वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय फांदीलाही हात लावायचा नाही. तुमच्या गटातली वडीलधारी माणसं कागदपत्रांत इतका वेळ का घालवतात, ते आता लक्षात येईल.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये असते. जूनमध्ये हौशे-नवशे सगळे येतात. उन्हात पाणी घालायला पाच-सहाच डोकी उरतात. त्यात तू असावंस असं मला मनापासून वाटतं. तेव्हा एक दिसेल: गेल्या पावसाळ्यात लावलेलं रोप पार वाळून काडी झालंय. उपटू नकोस. नखाने साल किंचित खरवड. आत हिरवट ओल दिसली तर जीव आहे. काडी खालपर्यंत वाळलेली असली तरी पावसाची वाट बघ. डोंगरावरची बरीच पानझडी झाडं पहिली काही वर्षं वर फारशी वाढत नाहीत, सगळा जोर मुळांत घालतात. शेंडा उन्हाळ्यात मरतो, पावसात बुडख्यातून पुन्हा फुटतो. म्हणून तर नर्सरीतलं उंच, टवटवीत रोप बघून भुलायचं नाही. पिशवी फाडलीस की आधी तळाशी बघ. मूळ गोल गोल गुंडाळलेलं असेल तर तेवढं धारदार सुरीने काप, पण मातीची हुंडी फुटू देऊ नकोस.

पुस्तकं विचारली होतीस. श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' घे, फुलांच्या रंगावरून शोधायला सोपं जातं. पुढे गोडी लागली तर थिओडोर कुक यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' आहेच. 1901 ते 1908 या काळात निघालेला हा ग्रंथ अजूनही वापरात आहे, आणि कुक हे पुण्याच्याच सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. पण पुस्तकाइतकंच, टेकडीवर शेळ्या घेऊन येणारी एखादी बाई भेटली तर तिच्याशी बोल. कोणता पाला शेळी खाते, कोणती भाजी पहिल्या पावसात उगवते, कोणतं झाड तिच्या लहानपणी होतं नि आता दिसत नाही, हे तिला ठाऊक असतं. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, तोही गावोगाव जाऊन, तिथल्या माणसांना विचारूनच. विचारताना घाई करायची नाही, आणि ऐकलेलं तिच्या नावानिशी वहीत उतरवायचं.

वही मात्र ठेवच. फोटो काढशील तेव्हा नुसत्या फुलाचा काढू नकोस. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोडाची साल कशी आहे, भोवती कोणती माती आहे, हेही घे. नाहीतर घरी येऊन ओळखता येत नाही आणि चुटपुट लागते.

गाजरगवत उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. फूल येण्याआधीच उपटायचं, बी धरल्यावर उपटलंस तर तूच पेरणी केल्यासारखं होतं. तुझी कातडी लहानपणापासून नाजूक आहे. खाज सुटली तर अंगावर काढू नकोस, गटाला सांगून दुसरं काम माग.

आणि हो, आमच्या शेताच्या बांधावरच्या पळसाच्या शेंगा मी उतरवून ठेवल्यात. बी फार काळ टिकत नाही, याच पावसाच्या तोंडावर रुजत घालायला हवं. तुमच्या गटाच्या नर्सरीतल्या माणसांना विचार, त्यांना हवं असेल तर अण्णा पुढच्या शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. पण आपलं बी त्या टेकडीला चालेल की तिथल्याच पळसाचं घ्यावं, ते त्यांना ठरवू दे. ते नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस, इथे बांधावरच लावीन.

तुझी,
सुमनआत्या