उच्चारांचं काय करू, ताई?

अगं, सगळ्यात आधी तोंड वाकडं करून गोऱ्यांसारखं बोलायची धडपड सोडून दे. ओईटीच्या, म्हणजे नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेच्या, तोंडी भागात तू लंडनची वाटतेस का, यावर गुण मिळत नाहीत. उच्चारांत समोरच्याला तुझं बोलणं विनासायास कळतं का, एवढंच पाहतात. मराठी वळण राहिलं तर राहू दे, त्यात कमीपणा काहीच नाही. पण ऐकणाऱ्याला दर वाक्याला कान टवकारावे लागले तर गुण जातात, आणि ते जायलाच हवेत. उद्या हीच वाक्यं तू ब्रिटनमधल्या वॉर्डात खऱ्या आजारी माणसाशी बोलणार आहेस.

परीक्षेत दोन रोल-प्ले, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे, हे तुला क्लासमध्ये सांगितलंच असेल. पण एक गोष्ट बऱ्याच मुलींच्या लक्षात येत नाही. समोर बसून पेशंट होणारी व्यक्ती गुण देत नाही. तुमचं बोलणं रेकॉर्ड होतं आणि परीक्षक ते नंतर ऐकून तपासतात. म्हणजे तुझं मान हलवणं, गोड हसणं, हातवारे त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. पोचतो तो आवाज. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला बोलण्यात बी ग्रेड लागते, 500 पैकी किमान 350. ती तुला या आवाजावर मिळवायची आहे.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी नीट ऐकलं. तुझा ट आणि ड आपल्यासारखा जीभ वळवून येतो, त्याने कुणाचं काही अडत नाही. अडतं ते आघातामुळे. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच जोराने म्हणतो, त्यामुळे इंग्रजीही सपाट धावतं. इंग्रजी कानाला शब्दातलं एक अक्षर ठसठशीत आणि बाकीची दबलेली हवी असतात. ‘ॲलर्जी’त जोर पहिल्या अक्षरावर, ‘अलर्जिक’मध्ये तो ‘लर्’वर सरकतो. ‘डायबीटीस’मध्ये ‘बी’वर, ‘पॅरासीटामॉल’मध्ये ‘सी’वर. आणि आकडे! ‘फिफ्टी’त जोर ‘फिफ्’वर, ‘टी’ तोकडी. ‘फिफ्टीन’मध्ये ‘टीन’ लांबव आणि शेवटचा न स्पष्ट ऐकू येऊ दे. औषधाच्या मात्रेत पंधराचे पन्नास झाले तर काय होईल, हे तुला मी सांगायला नको.

दुसरं ऱ्हस्व-दीर्घाचं. लिहिताना आपण ते सांभाळतो, बोलताना फारसं पाळत नाही. समज, रोल-प्लेला पडलेल्या आजीबाईंचं कार्ड आलं. ‘डिड यू स्लिप?’ ऐवजी तू ‘स्लीप’ म्हणालीस, तर त्या रात्रीच्या झोपेबद्दल सांगू लागतील आणि तुझी पाच मिनिटं तिथेच भरकटतील. घसरण्याचा ‘स्लिप’ झटकन तोडायचा, झोपेचा ‘स्लीप’ ओठ ताणून लांबवायचा. ‘पिल’ आणि ‘पील’, ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ असेच जोडीने घोक.

व साठी मात्र आरसा घे. ‘व्हॉमिट’, ‘व्हेन’ (शीर), ‘व्हॅक्सिन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले दिसले पाहिजेत. ‘वॉर्ड’, ‘वीक’, ‘वूंड’ म्हणताना दात ओठाला लागता कामा नयेत, शीळ घालताना होतात तसे ओठ गोल. ‘डिझी’, ‘नोझ’, ‘ब्रूझ’मधल्या झ ची काळजी नको, ‘माझं’ म्हणताना येतो जवळजवळ तोच. आणि ‘वॉक्ड’ला ‘वॉकेड’ करू नकोस, शेवटी नुसता ट वाजतो.

सरावाचं म्हणशील, तर रोज एक कार्ड घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी कार्ड न बघता ऐक. मग तुझ्या रूममेटला ऐकव आणि जे ऐकू येईल ते लिहायला सांग. तिने जिथे चुकीचं लिहिलं, त्या आठवड्याचा अभ्यास तोच. वॉर्डातले नेहमीचे शब्द वहीत उतरवून केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात ऐक. तिथे ज्या अक्षराआधी वर छोटी उभी रेघ असते, आघात त्यावर. ते अक्षर वहीत लाल पेनने लिही.

आणि घाई नको गं. तू घाबरलीस की सुसाट सुटतेस. ‘टेक वन टॅब्लेट, ट्वाइस अ डे, आफ्टर फूड.’ स्वल्पविरामाला थांब, ‘वन’, ‘ट्वाइस’ आणि ‘फूड’ उचलून म्हण, मधला ‘अ’ नुसता लागून जाऊ दे.

नाइट ड्यूटीवरून आल्या आल्या सरावाला बसू नकोस, आधी झोप. रविवारी दुपारी मला फोन कर. कार्ड तुझ्याकडे असू दे, मी पेशंट होते. मला कळलं नाही तर तिथल्या तिथे थांबवून सांगेन, मनाला लावून घेऊ नकोस.