बहुरूपी जंतु

कोंबडी घरघरू लागली, शिंकू लागली, नाकाडोळ्यांतून पाणी गळू लागले, की तिला थंडी बाधली असे आपण म्हणतो. पुष्कळदा हे काम मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या सूक्ष्म जंतूचे असते. त्याला पेशीभित्तिका नसते. म्हणून भित्तिकेवर घाव घालणारे पेनिसिलीन त्याच्यापुढे निरुपयोगी ठरते.

त्याची दुसरी युक्ती याहून चमत्कारिक आहे. जंतूच्या अंगावर प्रथिनांचा वेष असतो. कोंबडीचे शरीर तो वेष ओळखून त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. परंतु हा वेष विणणारी जनुके एकदोन नाहीत, ते एक मोठे कुटुंबच आहे. २००३ साली या जंतूच्या एका वाणाची सुमारे दहा लक्ष अक्षरांची जनुकसंहिता वाचण्यात आली. तीत अशी ४३ जनुके आढळली. एका वेळी बहुधा एकच जागे असते. जनुकाच्या आधी जी-ए-ए ही अक्षरत्रयी ओळीने येते. ती नेमकी १२ वेळा आली तरच जनुक कामाला लागते. नक्कल होताना ही संख्या चुकली, की ते निजते व दुसरे जागे होते. बहुरूप्याने सोंग बदलावे तसे हे! पहारेकरी जुन्या सोंगाचा शोध घेत राहतात आणि जंतु शरीरात ठाण मांडतो.

म्हणून आम्ही आपल्या फोपनारच्या कोंबडीपालकांना सांगतो : बरी दिसणारी कोंबडीही जंतु बाळगते, आणि तो अंड्यातून पिलात उतरतो. तपासलेल्या कळपाचीच पिले घ्यावीत, नवी कोंबडी काही दिवस निराळ्या खुराड्यात ठेवावी आणि औषध पशुवैद्यास विचारूनच द्यावे.