बैलाला पत्री मारावी की नाही?

नागभीडकडच्या धानाच्या बांधीत राबणारा बैल बिनपत्रीचाच बरा. चिखलात खूर फारसा झिजत नाही. पण तोच बैल उसाची गाडी घेऊन डांबरी सडकेला लागला की हिशेब बदलतो. खूर महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढतो, झिजतो मात्र त्याहून जास्त. ऐन हंगामात बैल लंगडला म्हणजे गाडी उभी, अन् तोडलेला ऊस फडात वाळतो.

घोड्याच्या पायाला एकच नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून चार पायांना आठ पत्र्या. खिळा बाहेरच्या निर्जीव कडेतूनच गेला पाहिजे. आत जिवंत भागाला लागला तर पाय पिकतो. तेव्हा नालबंद जाणता बघा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. बैल पाडायचा तो मऊ जमिनीवर, अन् भरल्या पोटी नव्हे.

इ.स.पूर्व चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने घोड्याला गोट्यांवर उभं करून खूर टणक करायला सांगितलं होतं. त्याच्या वाटेवर डांबर नव्हतं!

पत्रीखाली खूर वाढतच राहतो. म्हणून ती अधूनमधून काढून, खूर तासून पुन्हा बसवावी. हंगाम संपला की काढूनच टाका.