गाडी सुटली की चुकली?



मंडळात मी इंग्रजी संभाषणाचा सराव घेते, तेव्हा एक गोष्ट सारखी जाणवते. परीक्षेतलं इंग्रजी आपल्या मुलांना छान येतं. अडतं ते स्टेशनवर, फोनवर, परक्या गावात. ग्वाल्हेरच्या मराठी मुलांची तर दुहेरी अडचण आहे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि इंग्रजी वाक्य या दोन्हींमधून गाळून बाहेर येतं. म्हणून या वेळचा पाठ प्रवासाच्या शब्दांचा.

आधी एक खरी हकीकत. आपल्यातल्याच एका मुलीची पुण्याला नोकरीची मुलाखत होती. ऑटो जाममध्ये अडकली आणि ती स्टेशनवर पोहोचेपर्यंत गाडी निघून गेली. तिने लगेच मेसेज केला, 'माय ट्रेन हॅज लेफ्ट.' पलीकडच्यांनी सरळ अर्थ घेतला: गाडी निघाली, म्हणजे मुलगी येते आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिची वाट पाहिली, आणि ती आली नाही म्हणून नाव खोडलं. नंतर खुलासा केला, पण तोवर जागा भरली होती.

चूक कुठे झाली? पुण्याकडे गाडी 'सुटते' म्हणजे निघते, आणि आपल्याला मिळाली नाही तर ती 'चुकते'. आपण मात्र दिवसभर हिंदीत 'गाड़ी छूट गई' ऐकतो, आणि मराठीतही 'माझी गाडी सुटली' म्हणू लागतो. तिच्या मनात अर्थ 'चुकली' हा होता, इंग्रजी मात्र 'सुटली'चं झालं. तिथे हवं होतं 'आय मिस्ड माय ट्रेन'. मराठीचा शब्द नेमका असता, तर इंग्रजीचाही नेमका सापडला असता. या पाठाचा खरा मुद्दा हाच आहे.

आता असेच काही फसवे शब्द पाहू.

1. लागणे. 'गाडी फलाटाला लागली' म्हणजे 'द ट्रेन इज ॲट द प्लॅटफॉर्म'. पण 'मला गाडी लागते' याला 'आय गेट कारसिक'. एकच क्रियापद, दोन अगदी वेगळी वाक्यं.

2. उतरणे. गाडीतून उतरलो, 'आय गॉट ऑफ द ट्रेन'. मावशीकडे उतरलो, 'आय स्टेड विथ माय आंट'. इथे 'गॉट डाउन' म्हटलं, तर ऐकणारा गोंधळेल.

3. बसणे. रेल्वे, बस, विमान यांत चढताना 'गेट ऑन'. कार किंवा टॅक्सीत बसताना 'गेट इन'. साधी खूण अशी, की ज्यात उभं राहून चालता येतं, त्याला बहुधा 'ऑन'.

4. काढणे. आपण तिकीट 'काढतो', इंग्रजीत ते 'बुक' करतात किंवा 'बाय' करतात.

5. पोहोचवणे. स्टेशनवर निरोप द्यायला जाणं म्हणजे 'सी ऑफ', आणि घ्यायला जाणं म्हणजे 'पिक अप'. 'बाबा मला पोहोचवायला आले' याचं 'माय फादर केम टू सी मी ऑफ'.

6. येतो. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हा आपला संस्कार. पण इंग्रजीत निघताना 'आय ॲम कमिंग' म्हटलं, तर समोरचा तुमची वाटच पाहत बसेल. तिथे 'आय ॲम लीव्हिंग' किंवा 'आय विल बी ऑफ'.

आता 'प्रवास' या शब्दाकडेच वळू. हिंदीत 'यात्रा' कुठलीही असते. मराठीत यात्रा म्हटलं की पंढरपूर, काशी डोळ्यांपुढे येतात. इंग्रजीतही असे पदर आहेत. 'ट्रॅव्हल' म्हणजे प्रवास करणं, सर्वसाधारण अर्थाने. म्हणून 'अ ट्रॅव्हल' म्हणत नाहीत. जाऊन परत येणं ती 'ट्रिप'. ठिकठिकाणी फिरणं ती 'टूर'. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं, ती 'जर्नी'. 'जर्नी'च्या मुळाशी दिवस या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे: एका दिवसात कापलेलं अंतर. आपली 'मजल' आठवते ना? मजल दरमजल करत जाणं तेच. आणि 'ट्रॅव्हल'च्या मुळाशी तर कष्ट या अर्थाचा शब्द आहे.

हे कष्ट समजायला लांब जायला नको. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून कोकणातून आपल्या ग्वाल्हेरकडे निघाले आणि उठावाच्या धामधुमीत सापडले. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक 1907 मध्ये छापलं गेलं. मंडळातल्या प्रत्येकाने ते वाचावं. 'जर्नी' आणि 'ट्रिप' यांतला फरक मग वेगळा शिकवावा लागणार नाही. आपली ग्वाल्हेर–श्योपूर छोटी गाडीही सुमारे 200 किलोमीटरला जवळजवळ सगळा दिवस घ्यायची. 2020 मध्ये ती बंद झाली. तीही खऱ्या अर्थाने 'जर्नी'च होती. आणि आपलं लश्कर? दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ 1810 च्या सुमारास इथे पडला आणि त्याचंच शहर झालं. मुक्कामाला आलेली माणसं इथलीच झाली. भाषा मात्र त्यांनी सोबत ठेवली.

तुमच्यातले पुष्कळ जण उद्या पुणे, बेंगळुरू किंवा त्याहून लांब जाल. इंग्रजी लागणारच, ते न लाजता बोला. फक्त बोलण्याआधी क्षणभर मनातलं मराठी वाक्य तपासा: मला नक्की काय म्हणायचं आहे?

सरावासाठी पाच वाक्यं देते. इंग्रजी करून पुढच्या बैठकीला आणा, तिथे मोठ्याने वाचू.

माझी गाडी चुकली, मी दुसऱ्या गाडीने येते.
आजीला बस लागते.
आम्ही भोपाळला काकांकडे उतरलो होतो.
दादाला घ्यायला स्टेशनवर कोण जाणार?
बरं, येते मी!