मूलद्रव्यांवर कविता कशी लिहावी?



या सत्रात इयत्ता आठवी ते दहावीच्या मुलांना आम्ही एक वेगळा गृहपाठ दिला. घरात, गल्लीत किंवा शेतात भेटणारे एक मूलद्रव्य निवडावे आणि त्यावर मराठीत तीन ओळींची कविता लिहावी. ‘विज्ञानाच्या तासाला कविता कशाला?’ असे काही पालकांनी विचारले. या पाठात त्याचे उत्तर देत आहोत.

हा प्रयोग अगदी नवा नाही. मेरी सून ली या कवयित्रीने प्रत्येक मूलद्रव्यावर एक हायकू लिहिला आणि २०१७ साली ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकाने ते सर्व छापले. मराठीत तर शिरीष पै यांनी हायकू केव्हाच रुजवला आहे. आज ज्ञात असलेली मूलद्रव्ये ११८ आहेत. त्यांपैकी कितीतरी आपल्या बुऱ्हाणपुरात रोज भेटतात.

पहिली पायरी : निवड. मुलांच्या पहिल्या यादीत पितळ, मीठ आणि पाणी होते. ही मूलद्रव्ये नव्हेत. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे. मीठ आणि पाणी ही संयुगे आहेत. यादी दुरुस्त करता करताच अर्धा धडा शिकून झाला.

दुसरी पायरी : पाहणे. एका कवितेत ओळ आली, ‘पोटॅशियम तू महान, केळ्याची तू शान.’ यमक जुळले, पण कळले काहीच नाही. १०० ग्रॅम केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. म्हणूनच आपले शेतकरी केळीला पोटॅश देतात. पण शुद्ध पोटॅशियम धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो. मग रसाळ केळे का पेटत नाही? यावर वर्गात चर्चा झाली आणि कविता बदलली :

पाण्यात पडता पेट घेते,
केळ्यात मात्र गुपचूप राहते,
एक इलेक्ट्रॉन देऊन शांत झालेले पोटॅशियम.

आयन म्हणजे काय, हे आता त्या वर्गाला पाठ करावे लागणार नाही.

दुसरी कविता कुंडी भंडाऱ्याची. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास बांधलेल्या या भूमिगत जलयोजनेच्या कुंड्यांत भिंतींवर चुनखडीचा थर साचलेला दिसतो.

कुंडीच्या भिंतीवर पांढरा थर,
आजीच्या पानात चुना,
माझ्या हाडांत तोच कॅल्शियम, जुना.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिन्ही ठिकाणी कॅल्शियम एकटे नसून संयुगात आहे. थरात कार्बोनेट, भिजवलेल्या चुन्यात हायड्रॉक्साइड आणि हाडांत मुख्यतः फॉस्फेट.

तिसरी कविता आजोबांकडून ऐकलेल्या आठवणीवर :

कल्हईवाला आला,
तांब्याचा लाल तळ
रुपेरी करून गेला.

तो रुपेरी रंग कथलाचा. आंबट पदार्थ तांब्याशी लागून बिघडू नये म्हणून हा पातळ थर देतात.

तिसरी पायरी : शब्द. आपल्या मुलांसाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. घरी मराठी आणि शाळेत हिंदी पुस्तक, यामुळे एक घोटाळा नेहमी होतो. हिंदीत ज्याला ‘परमाणु’ म्हणतात तो मराठीत ‘अणू’. आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे मराठीतला ‘रेणू’. म्हणून ‘पाण्याचा अणू’ हे हिंदीत बरोबर, पण मराठीत चूक. आमचे शिक्षणही हिंदी माध्यमातून झाले असल्याने ही अडचण आम्ही जवळून जाणतो. मराठी कवितेत अणू-रेणू लिहावे, हिंदी उत्तरपत्रिकेत परमाणु-अणु. तसेच राँगा म्हणजे कथील, जस्ता म्हणजे जस्त, सीसा म्हणजे शिसे. दोन्ही भाषांतले नाव माहीत असणे हा गोंधळ नसून दुहेरी भांडवल आहे. मेंडेलीव्हने १८६९ च्या आवर्त सारणीत रिकाम्या ठेवलेल्या जागांना पुढे नावे दिली, तेव्हा संस्कृतमधला ‘एक’ शब्द घेतला. त्याचे ‘एका-ॲल्युमिनियम’ १८७५ मध्ये गॅलियम म्हणून सापडले.

पालकांना विनंती अशी की, मुलांना कविता लिहून देऊ नये. स्वयंपाकघरातील, शेतातील, मागावरील वस्तूंची जुनी मराठी नावे मात्र अवश्य सांगावीत. आजी-आजोबांबरोबर ही नावे गेली, तर ती कोणत्याही पाठ्यपुस्तकातून परत मिळणार नाहीत. मुलांनी पारा, गंधक अशा पदार्थांना हात न लावता केवळ निरीक्षणावरून लिहावे.

विश्वस्त मंडळासही आमची एक विनंती आहे. प्रयोगशाळेच्या भिंतीवर हिंदी, मराठी व इंग्रजी अशा तिन्ही नावांची आवर्त सारणी रंगवून घ्यावी. मराठी नावे गोळा करण्याचे काम आमचे विद्यार्थी करतील.

पुढील अंकासाठी कविता वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. प्रत्येक कवितेखाली दोन गोष्टी लिहाव्यात : हे मूलद्रव्य मी कोठे पाहिले आणि तेथे ते कोणत्या रूपात आहे.