कॅमशाफ्ट बदलताना

दुकानदार अजूनही तेच म्हणतो, "शेठ, तुमच्या ड्रायव्हरनं ऑइल कमी ठेवलं असणार." ऑइल पातळीला होतं, फिल्टर नवा होता आणि बेअरिंगं शाबूत निघाली. ऑइल कमी पडून फक्त एकच लोब झिजतो का?

गाडीला ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स. मी ओरिजिनल कॅमच सांगितला होता आणि पैसेही ओरिजिनलचेच मोजले. बिलावर नुसतं 'कॅम सेट'. टॅपेट बाराही नवे टाकले होते.

आधी टॅपेटचा आवाज. सेट केला की जायचा, पुण्याची फेरी झाली की परत सुरू. मग खंबाटकीत भरलेली गाडी ओढेना, काळा धूर. सगळे पंप-नोझलच्या मागे. पंप उतरवून बेंचवर तपासला, तो ठणठणीत. शेवटी मिस्त्रीनं कव्हर काढून रॉकरवर डायल गेज लावलं आणि इंजिन हातानं फिरवायला घेतलं. चौथ्याच्या एक्झॉस्टवर काटा निम्म्यात थांबला. चेंबर उतरवला तर तळाला चकाकता करडा गाळ, आणि त्या टॅपेटचं बूड वाटीसारखं खोलगट. गॅप सारखा का वाढत होता ते तेव्हा कळलं. पाणी कच्चं दिलेला कॅम होता तो.

दुकानदारानं तो हातात घेतला, त्या लोबकडे बघितलंसुद्धा नाही.

तर कॅम घेताना बिलावर पार्ट नंबर लिहून घ्याच. बसवण्याआधी मशीनशॉपमध्ये हार्डनेस तपासा, सगळे इनटेक लोब एकमेकांशी आणि एक्झॉस्ट एकमेकांशी मायक्रोमीटरनं जुळवा. नव्या कॅमवर जुने टॅपेट घालू देऊ नका. ते कॅम बाहेर असतानाच निघतात, म्हणून मिस्त्री 'चालतील' म्हणून मोकळे होतात. लोबना पेस्ट लावा, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन बराच वेळ आयडलला सोडू नका. थंड इंजिनवर गॅप इनटेकला ०.२५, एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर. 'पिकअप वाढतो' म्हणून जादा लिफ्टचा कॅम गळ्यात मारतात, माल वाहणाऱ्यानं त्या नादी लागू नये. लिफ्ट भलतीच असली तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतो. दुकान ओळखीचं असावं म्हणतात. माझं ओळखीचंच होतं.

कॅम त्याच्याकडेच आहे. 'कंपनीला पाठवलाय' यापुढे उत्तर नाही. खराब पार्ट परत देताना फोटो काढा, आणि सहीशिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत तो सोडू नका.