देवीची लस, खारट घाम आणि एक जनुक

मंडळी, आपल्यापैकी साठच्या दशकात जन्मलेल्यांनी जरा आपल्या दंडाकडे बघावं. देवीच्या लसीची गोल खूण दिसेल. त्या लसीतला विषाणू म्हणजे व्हॅक्सिनिया. देवी गेल्यावर तो प्रयोगशाळेत एका वेगळ्याच नोकरीला लागला, आणि त्या कामाचा धागा आपल्या अल ऐनपर्यंत येतो.

सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार. आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच मूल आजारी पडतं. फुप्फुसांत चिकट कफ साचतो, अन्न अंगी लागत नाही आणि घामावाटे मीठ फार जातं. बाळाचा पापा घेताना ओठ खारट लागतात, हे युरोपातल्या आयांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. थंड देशात एक वेळ ते निभावतं. पण इथल्या जुलैच्या उन्हात असं तान्हं बाळ बघता बघता मलूल होतं. 'हा गोऱ्यांचा आजार' असं आपण धरून चालतो, म्हणून भारतातही निदान राहून जातं. खरं तर घामाची चाचणी साधी आहे. शंका आली तर डॉक्टरांना विचारायला लाजू नये.

आता मूळ मुद्दा. पेशीच्या आवरणात मालाची ने-आण करणारी प्रथिनं असतात, म्हणजे ट्रान्सपोर्टर. त्यांच्या एबीसी नावाच्या घराण्यातलं एक म्हणजे सीएफटीआर. हे मात्र हमाल कमी आणि दरवाजा जास्त: क्लोराइडला ये-जा करू देणारा. १४८० अमिनो आम्लांची ही माळ. तिचं जनुक १९८९ साली सापडलं. पण सापडलं म्हणून गुन्हा सिद्ध होतो का? रुग्णाच्या पेशीत चांगलं जनुक घालून दरवाजा उघडतो का, हे बघायला हवं होतं. आणि जनुक काही आपल्या पायानं पेशीत जात नाही!

विषाणूला मात्र तेच काम येतं. पेशीत शिरायचं आणि आपला मजकूर तिच्याकडून वाचून घ्यायचा. म्हणून शास्त्रज्ञांनी त्या मजकुरात माणसाचं जनुक जोडलं. १९९० साली एका गटानं व्हॅक्सिनिया वापरला, दुसऱ्यानं रेट्रोव्हायरस. दोन्हीकडे रुग्णाच्या पेशींतून क्लोराइड वाहू लागलं. व्हॅक्सिनियाबरोबर नेहमीचं बिघडलेलं जनुक पाठवलं तेव्हा काही झालं नाही. पुरावा मिळाला.

वाहकांच्या तऱ्हा वेगवेगळ्या. व्हॅक्सिनिया भराभर प्रथिन बनवतो, पण पेशी लवकरच मरते. रेट्रोव्हायरस जनुक कायमचं पेशीच्या डीएनएत बसवतो. एएव्ही निरुपद्रवी, पण त्याची पिशवी लहान, जेमतेम ४७०० अक्षरांची. सीएफटीआरची एकट्याचीच साडेचार हजारांच्या आसपास. मुंबई लोकलमध्ये ट्रंक चढवण्यासारखंच! रुग्णांवर हे प्रयोग १९९३ पासून सुरू झाले, पण शरीर विषाणूला ओळखून हाकलतं, त्यामुळे उपचाराची ही वाट अजून पूर्ण झालेली नाही.

प्रयोगशाळेत मात्र या युक्तीनं फळ दिलं. इथल्या यूएई विद्यापीठातल्या संशोधकांना १९९० च्या दशकात बेदुईन कुटुंबांतल्या रुग्णांत एस५४९आर हा बदल प्रामुख्याने आढळला होता. ५४९ व्या जागी सेरीनऐवजी आर्जिनीन, बस्स एवढंच, आणि दरवाजा अडकतो. असं बिघडलेलं प्रथिन पेशींत मुद्दाम बनवून त्यांच्यावर आयव्हाकॅफ्टर हे औषध तपासलं गेलं. दरवाजा उघडला. २०१४ साली अमेरिकेत या बदलासाठी औषधाला मान्यता मिळाली. २०१२ मध्ये ते तिथे बाजारात आलं, तेव्हा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च होता जवळजवळ तीन लाख डॉलर.